उंबऱ्यावरचा तास

खण्.

घर अगदी शांत होतं, आणि स्वयंपाकघरामागच्या मोरीतून तो आवाज आला. जरा थांबून पुन्हा, खण्. वॉशिंग मशीन आतून कुणीतरी चमच्याने वाजवावं तसं वाजत होतं. भाषेच्या बाईंनी केस विंचरता विंचरता कान टवकारले आणि 'गेलं वाटतं मशीन' म्हणून विषय मिटवला. आज मशीनची नाटकं ऐकायला त्यांना सवड नव्हती.

आज मोठ्या बाई त्यांचा तास बघायला येणार होत्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. शेवटच्या बाकावर बसायचं, चष्म्यावरून बघायचं आणि तास संपला की एका वाक्यात निकाल लावून उठायचं, ही त्यांची रीत. भाषेच्या बाईंची नोकरी कायम व्हायची की वर्ष संपताच सगळ्यांचा निरोप घेऊन घरी बसायचं, हे आज त्या एका वाक्यावर होतं.

पण बाई निर्धास्त होत्या. म्हणजे निदान तसं सांगत तरी होत्या. सातवीच्या वर्गाचे नियम त्यांनी मुलांकडूनच करून घेतले होते. "मुलांनी स्वतः केलेला नियम मुलं मोडत नाहीत," हे त्यांनी शिक्षकांच्या खोलीत इतक्यांदा ऐकवलं होतं, की गणिताचे सर त्या आल्या की चहाचा कप उचलून खिडकीशी जायचे. घोड्याच्याच हातात लगाम देताय, एवढं एकदा म्हणून त्यांनी नाद सोडला होता.

नियम होतेही झकास! बोलणाऱ्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही. नुसतं 'छान' म्हणून सुटायचं नाही, का छान ते सांगायचं. आणि उशिरा येणाऱ्याने उंबऱ्यावर उभं राहून पूर्ण वाक्यांत कारण द्यायचं, वर्गाने उलटतपासणी घ्यायची, मग हात वर करून कौल द्यायचा. कारण पटलं नाही, तर त्याने तो अख्खा तास दाराबाहेर स्टुलावर बसून करायचा. हे सगळं भिंतीवर लागलं तेव्हा बाईंना इतकं भरून आलं, की खाली त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: नियम सगळ्यांना सारखे.

"आई," गुडघ्यापाशी भिंगरी येऊन उभी राहिली. भिंगरी म्हणजे त्यांची पाच वर्षांची लेक. "आई, ते मशीनमध्ये ना..."

"हो गं राणी, बिघडलंय ते. नंतर सांग हं."

डबा भरला, पर्स भरली, भिंगरीला बूट घातले आणि बाई दाराशी आल्या. किल्ली जागेवर नव्हती.

आता दाराला आतून किल्ली लावायची पद्धत बाईंनीच पाडलेली. भिंगरी कडी काढून जिन्यात फिरायला शिकली, तेव्हापासूनची. दुसरी किल्ली भिंगरीच्या बाबांच्या खिशात, आणि बाबा कामासाठी परगावी. थोडक्यात, बाई स्वतःच्याच घरात कुलूपबंद झाल्या होत्या.

त्यांनी गाद्या उचकल्या, बूट उलटे करून झटकले, फ्रिजसुद्धा उघडून पाहिला, कारण मागे एकदा किल्ली लोण्याशेजारी सापडली होती. त्यांच्या मागे मागे भिंगरी. दर खोलीत ती "आई, किल्ली ना..." अशी सुरुवात करायची आणि दर खोलीत बाई तिला थांबवायच्या. मध्ये बोलू नकोस, माझी लिंक तुटते. शेवटी भिंगरीने बोलायचा नाद सोडला, आईचं बोट धरलं आणि तिला ओढत मोरीत नेलं.

मशीनच्या काचेआड फेस होता. फेसातून एक बाही आली, गेली. मग किल्ली आली. खण्.

बाई मटकन खालीच बसल्या. सकाळी जॅकेटवर दूध सांडलं होतं आणि खिसे न बघताच त्यांनी ते आत कोंबलं होतं. खिशात किल्ली भिंगरीने टाकलेली. किल्ली इकडेतिकडे दिसली की माझ्या खिशात टाकत जा, असं आईच तर सांगायची!

पाणी भरलेलं असताना मशीनचं दार उघडत नाही. बाईंनी सगळी बटणं दाबून पाहिली, तर मशीन रुसल्यासारखं थांबलं आणि पहिल्यापासून धुवायला लागलं. त्यांनी शाळेत फोन लावला. मोठ्या बाई तासाच्या कितीतरी आधीच वर्गात जाऊन बसल्यात, असं कळलं. मग मायलेकी फरशीवर बसून काचेतून किल्लीची वारंवार येणारी स्वारी बघत राहिल्या. एक रडकुंडीला आलेली, दुसरी किल्लीला टाटा करत होती.

धुणं संपून मशीनचं दार उघडलं, सुटका झाली, तेव्हा भिंगरीच्या पाळणाघराच्या मावशी बाकीच्या मुलांना घेऊन बागेत गेलेल्या. मग काय, भिंगरीला कडेवर घेऊन बाई शाळेपर्यंत पळत सुटल्या.

वर्ग चिडीचूप होता. शेवटच्या बाकावर मोठ्या बाई. भाषेच्या बाईंनी चेहरा जमेल तेवढा हसरा केला, लेकीला खाली उतरवलं आणि पाऊल आत टाकलं.

"बाई, उंबरा," पहिल्या बाकावरून आवाज आला. दोन वेण्यांची ती मुलगी. अख्खी शाळा तिला वकील म्हणायची.

बाईंचं पाऊल तिथेच थांबलं. मोठ्या बाईंनी चष्मा खाली ओढला. आता मोठ्या बाईंच्या समोर जॅकेट, दूध आणि फेस कुठे सांगत बसायचं? बाईंनी घसा साफ केला आणि रस्त्यात फार गर्दी होती, असं एक सुटसुटीत, पूर्ण वाक्य ठोकून दिलं.

"नव्हती," भिंगरी म्हणाली. "रस्ता रिकामा होता. आई किती जोरात पळाली!"

वर्गात खसखस पिकली. वकिलाने भिंगरीकडे वळून अगदी आदराने विचारलं, की मग उशीर का झाला ते तुम्ही सांगता का.

भिंगरीने सांगितलं. एकाच वाक्यात सांगितलं. दूध सांडलं आणि मग जॅकेट गेलं आणि मग किल्ली खण् वाजली आणि मग आई फ्रिजमध्ये बघायला लागली आणि मग... वाक्य काही संपेना. मध्येच मोठ्या बाई उठल्या. "बरं बाळा, आता तास सुरू..."

"बाई," वकील हळूच म्हणाली, "वाक्य व्हायचंय तिचं."

मोठ्या बाईंनी भिंतीवरचे नियम वाचले. मग त्या खाली बसल्या. इकडे भाषेच्या बाईंनी मनातल्या मनात पर्स आवरायला घेतली.

भिंगरीचं वाक्य संपलं. मग वकिलाचा एकच प्रश्न आला. "किल्ली कुठे आहे ते हिला माहीत होतं. मग तुम्ही हिला विचारलं का नाही?"

बाईंनी उत्तर शोधलं. फ्रिजमध्ये किल्ली शोधावी तसंच शोधलं. सापडलं नाही.

कौल झाला. भिंगरीसाठी सगळा वर्ग हात वर करून उभा. बाईंसाठी कोपऱ्यातून दोन हात अर्धवट वर आले आणि शेजाऱ्यांकडे बघून खाली गेले. भिंगरीला पहिल्या बाकावर जागा मिळाली, बाईंना दाराबाहेर स्टूल.

तो तास बाईंनी तिथून घेतला. फळा लांब, खडू लांब. त्यामुळे त्यांना फारसं शिकवताच येईना आणि मुलंच बोलत राहिली, एकमेकांची वाक्यं पूर्ण होऊ देत. एरवी मान वर न करणारा एक मुलगा तर घंटा होईपर्यंत बोलत होता.

घंटा झाली. मोठ्या बाई दाराशी आल्या आणि स्टुलापाशी थांबल्या. बाई उठून उभ्या राहिल्या.

"छान होता तास," मोठ्या बाई म्हणाल्या.

आतून वकिलाने मान वर केली. मोठ्या बाईंना ते दिसलं. त्या खोकल्या. "का छान, ते अजून माझं मलाच नीट सांगता येत नाहीये. सोमवारी परत येते, त्या दिवशी काय ते ठरवू. तेवढं वेळेवर या."

बाई तोंडभरून "हो" म्हणणार, तेवढ्यात भिंगरी धावत बाहेर आली. गाल लाल, डोळे चमकत होते. एवढं मोठं वाक्य तिला आजवर कुणीच संपवू दिलं नव्हतं. तिने आईचा हात गच्च धरला, एकदा मोठ्या बाईंकडे पाहिलं आणि मोठ्या आशेने विचारलं,

"आई, सोमवारीपण आपल्याला उशीर होईल ना गं?"