आवाज ग्राहकाकडून येतो

नव्या वस्तूत दोष नसतो. असलाच तर तो घेणाऱ्याच्या कानात असतो. दुरुस्तीशास्त्राचं हे पहिलं कलम आहे आणि दुरुस्ती केंद्रं त्याच्यावरच उभी राहतात. भिंती मागाहून बांधतात.

टेलरबाईंना हे कलम ठाऊक नव्हतं, कारण दुसरीनंतर त्या शाळेत गेल्या नाहीत. (त्यामुळे शाळेचं काय नुकसान झालं, ते शाळेनं अजून कळवलेलं नाही.) त्यांचं शिक्षण झालं शिलाई मशीनवर. चाळीस वर्षं. दुकानात तीन मशिनी चालायच्या, आणि बाई पाठ फिरवून कापड कापत असल्या तरी कुठल्या मशीनची सुई बोथट झाली, कुठल्या मशीनला तेल हवंय, हे नुसत्या कानावर सांगायच्या. तेल मशीनला हवंय की मशीनवर बसलेलीला, हेसुद्धा.

अशा घरात लॅपटॉप आला. आणला मुलानं. कारण बाईंच्या वह्या.

वह्या एकूण अकरा. त्यात बाराशे चाळीस गिऱ्हाइकांची मापं. खांदा, छाती, कंबर, बाही, आणि समासात बाईंचे शेरे: 'डावा खांदा उतरता', 'जेवून आल्यावर माप घेऊ नये', 'कंबर विचारू नये, मोजावी'. गाव सोडून गेलेली माणसंसुद्धा टपालानं कापड पाठवायची आणि बाई वही बघून शिवून द्यायच्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर मालकांचं माप होतं. लग्नानंतर बाईंनी शिवलेला पहिला सदरा. मालक जाऊन आता नऊ वर्षं झाली, पण पान होतं.

"आई, जग कुठे चाललंय आणि तू अजून वहीत!" मुलगा म्हणाला.

"जग कुठेही जाऊ दे. कपडे घालूनच जाईल ना?"

तरी सूनबाईनं तीन आठवडे बसून सगळी मापं लॅपटॉपात भरली. शेवटचं माप भरून झालं त्याच संध्याकाळी मुलानं अकराच्या अकरा वह्या रद्दीत दिल्या. (आधुनिकतेत हयगय चालत नाही.) आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपानं तोंड उघडलं.

टक्. टक्. खर्रर्र. टक्.

बाईंची कात्री थांबली. "आत काय आहे रे त्याच्या?"

"हार्ड डिस्क, आई. एक गुळगुळीत चकती असते, ती गरगर फिरते. तिच्यावरून एक बारीक टोक सरकतं, ते लिहितं आणि वाचतं."

"टेकतं का चकतीला?"

"छे! केसाच्याही केसाएवढं वर तरंगतं."

"आता टेकतंय," बाई म्हणाल्या. "सुई वाकडी होऊन खालच्या पत्र्याला लागली की हाच आवाज येतो. आधी मापं बाहेर काढून घ्या."

निदान बिनचूक होतं. पण करणारीकडे प्रमाणपत्र नसल्यामुळे त्याला निदान म्हणता येईना. घरात त्याची नोंद 'आईची कुरकुर' अशी झाली.

सूनबाई शहाणी. ती म्हणाली, "मी पटकन पेनड्राइव्हवर घेऊन टाकते."

मुलानं वॉरंटीचं पुस्तक उघडलं. (हे पुस्तक उघडणारा तो त्या कंपनीचा दुसरा ग्राहक. पहिला अजून वाचतोय.) त्यात स्वच्छ छापलं होतं: 'आवाजाची तक्रार निकाली निघेपर्यंत आतील मजकूर हलवू नये. मजकूर हलल्यास आवाज मूळ जागेवरून सरकण्याचा संभव असून वॉरंटी संपुष्टात येईल.'

"छापलंय, आई."

"छापायला काय लागतं? शाई!" बाई म्हणाल्या. पण मुलगा शिकलेला. शिकलेल्या माणसाला छापलेलं ओलांडता येत नाही, त्याचा पाय अडखळतो.

दुरुस्ती केंद्र मात्र पाहण्यासारखं होतं. खोटं कशाला बोला? आत गारवा होता. बसायला मऊ खुर्च्या होत्या, आणि त्या मऊच असायला हव्या होत्या, कारण माणूस तिथे बराच वेळ बसे. काउंटरवर टाय लावलेला एक तरुण होता. त्यानं 'ध्वनी-वर्णन तक्ता' पुढे सरकवला. तक्त्यात एकोणीस आवाज होते: टकटक, खरखर, घरघर, चरचर, कुरकुर, भुणभुण, किरकिर, सूं, फुस्स आणि असेच दहा. प्रत्येकासमोर 'सामान्य' असं आधीच छापलेलं होतं, म्हणजे ग्राहकाला लिहायचे कष्ट नकोत.

"यातला कुठला, आजी?"

"यातला एकही नाही. आणि आजी कुणाला म्हणतोस? कॉलर बघ आधी स्वतःची. साडेचौदाचा गळा आणि सोळाचा शर्ट."

टायवाल्यानं नकळत कॉलर चाचपली. मग म्हणाला, "तक्त्यात नसलेला आवाज ग्राहकाने तोंडाने काढून दाखवायचा असतो. तीनदा. तिन्ही वेळा सारखा आला तरच नोंद होते."

"अरे, यंत्रच चालू कर की!"

"यंत्र नोंदीनंतर चालू करतात."

बाईंनी पदर खोचला आणि आवाज काढला. टक्. टक्. खर्रर्र. टक्. एकदा, दोनदा, तीनदा. कान पक्का असला की गळाही पक्का असतो. मागच्या खोलीतून दोन तंत्रज्ञ धावत आले आणि हातातले लॅपटॉप तपासू लागले. असा हुबेहूब आवाज केंद्राच्या इतिहासात कुणी काढला नव्हता. तिघांनी कोपऱ्यात विचारविनिमय केला आणि टायवाल्यानं शेरा लिहिला:

'आवाज ग्राहकाकडून येतो.'

"चालू कर ते!" बाई कडाडल्या. त्यानं केलं. टक्, लॅपटॉप म्हणाला.

"तुम्ही जरा गप्प बसाल का, मॅडम?"

"मी तोंड उघडलं का?"

"तोंड मिटून आवाज काढणारेही येतात," टायवाला गंभीरपणे म्हणाला. "महिन्याला सरासरी चार. त्यांतले दोन निवृत्त असतात."

शेवटी फेरतपासणी मंजूर झाली, आठ दिवसांनी. अट एकच: यंत्र मऊ आवरणात आणावे.

मऊ आवरण! दुसऱ्या कुणी चादरीत गुंडाळून नेलं असतं. बाईंनी मात्र कव्हर शिवायला घेतलं. दोन थर कापडाचे, मध्ये कापसाचा जाड थर, वर चौकडीची शिवण, कडा दुहेरी दाबलेली. काम हातात घेतल्यावर ते वाईट करणं बाईंना जमत नसे. त्यांचा हा एकच दोष, आणि तो कुठल्याच वॉरंटीत बसत नव्हता.

आठव्या दिवशी टायवाल्यानं कव्हरातल्या लॅपटॉपाला कान लावला. (कव्हर काढून ऐकणं नियमात नव्हतं. त्यानं परिस्थिती बदलते.) आत चाललेली टकटक कापसातच मुरली. बाहेर काही म्हणता काही येईना.

"अभिनंदन. दुरुस्त झाला," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

"दुरुस्त नाही झाला, आत कोंडलाय."

"बाहेर येत नाही तो आवाज आमच्या विभागात येत नाही, मॅडम." मग त्यानं कव्हर उलटंपालटं केलं. "पण हे शिवलं कुणी? टाका काय बारीक आहे! कुठे सुरू झाला, कुठे संपला, कळतसुद्धा नाही."

इथे बाई विरघळल्या. चाळीस वर्षांत लोकांनी 'सैल झालं', 'घट्ट झालं', 'उशीर झाला' एवढंच सांगितलं होतं. टाका कुणी पाहिला नव्हता. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "मीच. हातचलाखी नाही त्यात, नजर असावी लागते."

त्याच बैठकीत केंद्रानं चारशे कव्हरांची मागणी नोंदवली.

घरी आल्या आल्या सूनबाई म्हणाली, "आई, तक्रार निकाली निघाली ना? मग आता मापं काढून घेते."

"घेशील गं. आधी कापड धर इकडून, चारशे कव्हरं कापायचीत."

तीन दिवस घरात कात्री चालली. चौथ्या दिवशी सूनबाईनं कव्हर उघडलं. लॅपटॉप शांत होता. खरोखरच शांत. टक् नाही की खर्र नाही. पडदाही काळा. बाईंनी कान लावला, बराच वेळ लावून ठेवला, आणि मग हात पुसत उठल्या. गप्प बसलेल्या बाई घरानं नऊ वर्षांनी पाहिल्या.

मुलानं केंद्राला कळवलं. उत्तर तत्परतेनं आलं: 'आपल्या यंत्राचा आवाज कायमस्वरूपी बंद झाल्याचे वाचून आनंद झाला. मजकूर नाहीसा होणे ही ध्वनीची तक्रार नसल्याने आमच्याकडे तिची नोंद होत नाही. कव्हरे वेळेत पाठवावीत.'

कव्हरं वेळेत गेली. दिलेला शब्द बाईंनी मोडला नाही. शिवाय टाका चांगला आला होता. केंद्राच्या तक्रारी महिन्याभरात शेकडा सत्त्याण्णवनं घटल्या. उरलेले तीन टक्के लोक कव्हर काढून ऐकत होते. त्यांना पत्र गेलं.

मग बाईंनी मुलाला नवी वही आणायला पाठवलं. पहिल्या पानावर, टेप न लावता, स्वतःच्या हातानं लिहिलं: खांदा साडेअठरा, बाही तेवीस, डावा खांदा किंचित उतरता. मालकांचं ते पान आठवावं लागलं नाही. बाकी बाराशे एकोणचाळीस जण मात्र नव्यानं मोजायचे होते.

आणि इथे एक चमत्कार झाला. मापं गेल्याचं कळताच गिऱ्हाइकं हळहळण्याऐवजी हसतमुखानं येऊ लागली. "टेप कशाला काढता, बाई? मी तोंडानंच सांगतो की." प्रत्येकानं आपली कंबर सरासरी तीन इंचांनी कमी सांगितली. बाईंनी एकही तोंडी माप लिहिलं नाही. तोंडून आलेल्या गोष्टीचं काय होतं, ते त्यांनी काउंटरवर पाहिलं होतं.

तेव्हा सांगायचं एवढंच. तुमचा लॅपटॉप आवाज करत नाही म्हणता? छान. कव्हराची कड दुहेरी दाबलेली असेल तर ती आमच्या बाईंची. टाका बघून घ्या, आणि आत काय चाललंय ते ऐकायची हिंमत असली तरच उसवा.

आणि मापाला याल तेव्हा पोट आत ओढून उभे राहू नका. धरलेला श्वास बाईंना ऐकू येतो.