फुली नेमकी कुणाला?

"नावासमोर फुली मारावी" हे तीन शब्द लिहिताना भाषांतरकाराला जराही शंका आली नाही. खरं तर शंका काढणं हाच त्याचा धंदा. निवडणुकीचे तंटे कोणता देश कसे सोडवतो, यावरच्या एका जाडजूड पुस्तकाशी तो आठ महिने झटत होता. म्हणून तर इमारतीच्या सेक्रेटरीची निवडणूक ठरल्यावर सगळ्यांनी त्यालाच निवडणूक अधिकारी केलं. "जगभरची भांडणं तुम्हाला पाठ, आपलं तर काय किरकोळ!"

छत्तीस घरं आणि दोन उमेदवार. तळमजल्यावरचे औषधवाले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या, लोकांना गाडी शिकवणाऱ्या ड्रायव्हिंगताई. अकरा वर्षं सेक्रेटरी असलेल्या हेडबाई (शाळा सुटली तरी नाव सुटलं नाही) संध्याकाळी सातच्या बसनं लेकीकडे निघाल्या होत्या. लेकीचे दिवस भरत आले होते आणि तिथं दुसरं कुणी नव्हतं. पण किल्ल्या नव्या सेक्रेटरीच्या हातात दिल्याशिवाय बाईंचा पाय निघणार नव्हता. स्वभावच तो, काय करणार!

तीन वाजता मोजणी झाली. औषधवाल्यांना एकोणीस फुल्या, ताईंना सतरा. औषधवाले हात जोडून उभे राहिले, तोच दुसऱ्या मजल्यावरच्या आजी कडाडल्या, "अरे, हात काय जोडतोस? मी तुझ्यावर फुली मारलीय ती तू नको म्हणून!"

"नको म्हणून?"

"मग? चुकलेल्या गणितावरच फुली मारतात ना?"

"मीही तशीच मारली," मागून कुणीतरी म्हणालं.

"अहो, मी हे हवेत म्हणून मारली!"

ड्रायव्हिंगताई उठल्याच. "म्हणजे एकोणीस घरांना हे नकोत. मी जिंकले!"

झालं! हॉलमध्ये असा काही गलका उठला की पंखा चालू आहे की बंद तेही कळेना. भाषांतरकारानं स्वतःचीच सूचना पुन्हा एकदा वाचली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शब्दांचे दोन दोन अर्थ काढले, आणि स्वतःच्या एका फुलीत फसला!

"भाऊ, तेवढं लवकर मिटवा हो," हेडबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या.

त्यानं पुस्तक उघडलं. "ब्रिटनमध्ये खासदारकीचा तंटा दोन न्यायाधीशांपुढे चालतो." लगेच दंतवैद्य आणि त्यांची बायको यांना न्यायाधीश नेमलं. फुली म्हणजे होकार असं ते म्हणाले, नकार असं ती म्हणाली, आणि दहाव्या मिनिटाला प्रकरण घरातले पडदे कुणाला न विचारता आणले इथवर पोचलं. न्यायाधीशांनाच सोडवायची वेळ आली.

"जर्मनीत तक्रार आधी सभागृहाकडेच जाते," भाषांतरकार पान उलटत म्हणाला.

"मग सभागृह म्हणजे आपणच की! घ्या मत."

"ठीक आहे. फुली म्हणजे होकार असं ज्यांना वाटतं, त्यांनी कागदावर फुली..." तो बोलून गेला आणि त्यानं स्वतःच कपाळाला हात लावला.

साडेपाच झाले. हेडबाईंनी वही काढली. "कोण जिंकायचं ते जिंका बाबांनो, कामं तरी ऐकून घ्या. पंप पहाटे पाचला. लिफ्ट अडकली की आतल्या माणसाशी बोलत राहायचं, घाबरतात. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना गोळी घेतली का विचारायचं, दोनदा. दोन घरांत वाजलं तर दोघांकडे जायचं, पण वेगवेगळ्या दिवशी." वही बरीच जाड होती.

दोन्ही उमेदवारांनी आपापल्या खुर्च्या जरा मागे सरकवल्या. मग औषधवाले घसा खाकरून म्हणाले, "ताई, खरं सांगू? फुली म्हणजे नकोच. तुम्हीच जिंकलात."

"छे, छे! एकोणीस म्हणजे एकोणीस. अभिनंदन तुमचं!"

"मी हरलो हो! लिहून देतो!"

"माझ्या पुस्तकात अशी याचिका कुठंच नाही," भाषांतरकार कळवळून म्हणाला. शेवटी त्यानं कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. फुली नाही, खूण नाही. हवं ते नाव सरळ लिहायचं.

छत्तीसपैकी एक चिठ्ठी कोरी निघाली. ती कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीच्या पस्तिसांवर एकच नाव होतं, 'हेडबाई'. कुणी खाली ओळीही लिहिल्या होत्या. 'तुम्ही होतात म्हणून आई वेळेत दवाखान्यात पोचली.' 'हे गेले तेव्हा महिनाभर रोज वर येत होतात, विसरले नाही.' भाषांतरकारानं त्या एकेक करून मोठ्यानं वाचून दाखवल्या.

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग पायाशी ठेवलेली बॅग हळूच भिंतीकडे सरकवली. "इतकं म्हणताय तर कशी जाऊ? लेकीला कळवते, काहीतरी सोय कर म्हणून."

सव्वासहा झाले होते. भाषांतरकार उभा राहिला.

"पस्तीसही मतं बाद!"

"काय?" आजी कडाडल्या. "का म्हणून?"

"बाईंनी उमेदवारी अर्जच भरलेला नाही."

"हे कुठल्या देशाचं खूळ?"

"मेक्सिकोत निवडणुकीच्या भांडणांसाठी वेगळं न्यायालय असतं. त्याचा निकाल शेवटचा, पुढे अपील नाही. इथं ते न्यायालय मी! आणि नवा सेक्रेटरी ठरेपर्यंत कारभार निवडणूक अधिकारी बघेल. द्या त्या किल्ल्या."

"पंप पहाटे पाचला असतो, ऐकलंत ना?" दारातून त्याच्या बायकोनं विचारलं.

"ऐकलं."

 मग आजींनीच आधी टाळी वाजवली, आणि सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला. ताई गाडी काढायला धावल्या. औषधवाल्यांनी बॅग उचलली.

गाडीत बसल्यावर हेडबाईंनी काच खाली केली. "भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू? आणखी एक मागते. ती बाद मतं मला द्याल?"

"कायद्यानं ती मोहोरबंद ठेवावी लागतात, बाई," असं म्हणत त्यानं सगळा गठ्ठा त्यांच्या हातात ठेवला.

"ठेवते की," बाई म्हणाल्या, आणि गठ्ठा पर्समध्ये घालून त्यांनी चेन लावली.