घराचा चांगला फोटो

महिनाअखेरीला राहतं घर रिकामं करून द्यायचं होतं, आणि नेमकी फोटोग्राफरची बायको माहेरी अडकली होती. सासूबाई पाय घसरून पडल्या, हाड मोडलं, आणि लेक त्यांच्या उशाशी जाऊन बसली ती बसलीच. त्यामुळे भाड्याचं नवं घर शोधायचं काम एकट्या फोटोग्राफरच्या गळ्यात पडलं. जाताना बायकोने एकच अट घातली होती.

"बाकी कसंही असू दे, पण स्वयंपाकघराला खिडकी बघा. इतकी वर्षं भरदिवसा दिवा लावून भाजी चिरतेय मी."

फोटोग्राफर सरळमार्गी माणूस होता; वाकडा होता तो फक्त त्याचा डोळा. समोर टक्कल आलं की तो दिवा सरकवायचा, दोन हनुवट्या आल्या की म्हणायचा, "हनुवटी जरा पुढे." गल्लीत त्याला हनुवटीमास्तरच म्हणत. जगात कुरूप असं काही नसतंच, आपली उभं राहायची जागा चुकलेली असते, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

बरीच पायपीट झाल्यावर एजंटने त्याला दुसऱ्या मजल्यावरचं एक घर दाखवलं. हॉल असा की दोघं बसली तर तिसऱ्याने उभं राहावं. भिंतीवर ओलीचा मोठा डाग. बाथरूमचं दार उघडलं की बेसिनवर आपटायचं. पण स्वयंपाकघराला खिडकी होती. समोर शेजारच्या इमारतीची भिंत होती हे खरं, तरी खिडकी ती खिडकी. भाडंही झेपणारं होतं. त्याने जागच्या जागी विसार दिला, एजंटने तो शर्टाच्या खिशात घातला आणि घर तुमचंच झालं म्हणून सांगितलं.

दुसरा कोणी असता तर मोबाइलवर दोन फोटो काढून बायकोला पाठवून मोकळा झाला असता. हा दुसऱ्या दिवशी रुंद भिंगाचा कॅमेरा, तिकाटणं आणि पांढरी चादर घेऊन हजर झाला. हॉलचा फोटो त्याने बाथरूममध्ये शिरून, तिथल्या भिंतीला पाठ टेकवून काढला. शेजारणीकडून एक कुंडी मागून आणली. स्वयंपाकघरात मात्र तो नुसताच थांबून राहिला. दुपार कलली तशी समोरच्या इमारतीतल्या एका काचेवर ऊन पडलं आणि उलटून या खिडकीतून आत आलं. सगळं स्वयंपाकघर सोन्यासारखं झालं. तेवढ्यात त्याने बटण दाबलं. ओलीचा डाग, नवरीच्या गालावरची पुटकुळी काढतात तसा, घरी संगणकावर बसून काढला.

फोटो पाहून बायकोने फोनवर आधी खिडकीचं कौतुक केलं. मग हळूच म्हणाली, "अहो, हे आपल्याला परवडतंय ना?"

तिने ते फोटो आईला दाखवले, आईने बहिणींना, आणि जावई कर्तबगार निघाले असं सासूबाई म्हणाल्याचं त्याच्या कानावर आलं. हे वाक्य ऐकायला तो लग्नापासून थांबला होता. त्याच भरात एजंटने मालकीणबाईंना दाखवायला म्हणून फोटो मागितले. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालचं काही दिसत नाही. याने मोठ्या आकारातले, स्वच्छ केलेले फोटो आनंदाने पाठवून दिले.

मालकीणबाईंनी फोटो चष्मा पुसून पाहिले. असं महालासारखं घर आपण मातीमोल भाड्याने देतोय याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी ते फोटो चार जणांना पाठवले आणि संध्याकाळच्या आत एका दातांच्या डॉक्टरांनी, घर न बघताच, जवळजवळ दीडपट भाडं कबूल केलं.

एजंटने ही बातमी खाली मान घालून सांगितली. "दादा, माझा नाइलाज आहे. तुमचा विसार उद्या परत देतो."

फोटोग्राफर पुन्हा वणवण करू लागला. बायकोला सांगायचं धाडस काही होईना. ती रोज फोनवर त्या खिडकीशी कोणता डबा ठेवायचा ते ठरवत होती, आणि तो "हो, हो" म्हणत होता. रात्री त्याला स्वतःचीच लाज वाटायची. एका दुसऱ्या एजंटने तर कहर केला. "एक घर हातातून गेलंय, पण तसं शोधून देतो," असं म्हणत त्याने मोबाइल पुढे केला, आणि आत तेच सोनेरी स्वयंपाकघर होतं. आपल्याच हाताने पायावर पाडलेला धोंडा इतका देखणा असेल असं फोटोग्राफरला वाटलं नव्हतं.

"फोटो कोणी काढलेत?" त्याने न राहवून विचारलं.

"कोणीतरी कसलेला माणूस असणार," एजंट म्हणाला. त्याही परिस्थितीत फोटोग्राफरला जरा बरं वाटलं.

महिना संपायला आला तेव्हा पहिल्या एजंटचा घाबराघुबरा फोन आला, आत्ताच्या आत्ता या म्हणून. विसार मिळेल या आशेने हा धावत गेला. जिन्यात वळणावर एक प्रचंड सोफा अडकला होता आणि त्यावर दातांचे डॉक्टर घाम पुसत बसले होते. फोटो याने काढले असं एजंटने सांगताच त्यांनी फोटोग्राफरला वर नेलं आणि मोबाइल भिंतीसमोर धरला.

"हा हॉल कुठे आहे?"

"हाच तो."

"या फोटोत माझा सोफा बसत होता हो."

फोटोग्राफरने त्यांना मोठ्या आस्थेने बाथरूममध्ये नेलं. भिंतीला पाठ टेकवा, थोडं वाका आणि एक डोळा मिटा, असं सांगितलं. डॉक्टरांनी सगळं निमूटपणे केलं. तसेच वाकलेले असताना ते म्हणाले, "दिसतोय. पण मी जन्मभर असाच उभा राहू का?"

सोफा जसा आला तसा परत गेला, मागोमाग डॉक्टरही गेले. मालकीणबाई आधी एजंटवर चिडल्या, मग फोटोवर, आणि शेवटी रिकाम्या घराकडे बघून शांत झाल्या. पहिल्या माणसाचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. एजंटने शर्टाचा खिसा चाचपला. 'उद्या देतो, उद्या देतो' करत त्याने विसार परत दिलाच नव्हता. आळसाने कुणाचं भलं झाल्याचं फारसं ऐकिवात नाही, पण इथे झालं. ठरलेल्याच भाड्यात फोटोग्राफरला किल्ली मिळाली.

खरी भीती आता सुरू झाली. सासूबाई काठी धरून चालू लागल्या आणि बायको परत यायला निघाली, डोळ्यांत तो महाल घेऊन.

ती आली. हॉलमध्ये उभी राहिली, डागाकडे बघितलं. बाथरूमचं दार उघडलं, ते बेसिनवर आपटलं, तिने ते लावून घेतलं. मग ती स्वयंपाकघरात गेली. हा दारातच थांबला, कारण दोघांना पुरेल एवढी जागा आत नव्हती.

"अगं, फोटोत जरा मोठं आलंय," तो म्हणाला. "चूक माझीच आहे. खूप थांबून काढला होता गं."

ती खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत होती. "आपलं लग्न जमत होतं तेव्हा तुमचा फोटो आला होता आमच्याकडे. उंच, दाट केस."

"तो मीच काढला होता. टायमर लावून."

"माहितेय. स्टुलावर उभं राहून. तुम्ही आमच्या दारात आलात तेव्हाच कळलं सगळ्यांना. आईने तर मला आत बोलावून विचारलं, हाच का तो म्हणून."

"मग?" त्याने घाबरतच विचारलं. इतक्या वर्षांत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"मग काय? राहिलेच ना."

तेवढ्यात समोरच्या काचेवर ऊन पडलं आणि उलटून आत आलं. ओटा, भिंत, तिचे हात, सगळं उजळून निघालं. तिने ओट्यावर तळवा ठेवून पाहिला. हे मात्र फोटोत आहे अगदी तसंच आहे, असं ती म्हणाली, आणि पिशवीतून विळी काढली.

फोटोग्राफरचा हात सवयीने कॅमेऱ्याकडे गेला. तो एक पाऊल आत आला, हनुवटी जरा पुढे घे म्हणणार होता.

"सरका बघू," ती म्हणाली, "उजेड अडवताय."