ब्रँटची परवानगी आणि बेटावर अडकलेला नायक

महाकाव्य एकट्याने वाचू नये, हे शिक्षणशास्त्रात आता सर्वमान्य झाले आहे. एकट्याने वाचल्यास ते समजण्याचा संभव असतो, आणि एकदा समजले की गटात चर्चा करायला काही उरत नाही.

मी मिशिगनमधल्या एका सरकारी हायस्कुलात बावीस वर्षे नववीला साहित्य शिकवतो आहे. पूर्वी आम्ही भाबडेपणाने मुलांच्या हातात सरळ पुस्तकच द्यायचो. (पुस्तके अजून आहेत. प्रोजेक्टरची उंची जमत नव्हती, तिथे त्यांचा फार उपयोग होतो.) मग आमच्या मुख्याध्यापिका मिसेस डाइकहाउस दोन दिवसांच्या एका शिबिराला गेल्या आणि येताना सामूहिक सादरीकरण पद्धत घेऊन आल्या. पद्धत सोपी आहे. महाकाव्याचे सर्ग चोवीस, वर्गात मुले चोवीस. प्रत्येकाने एक सर्ग घ्यायचा, चौघांच्या गटाने मिळून एका सामायिक फाइलीत स्लाइड करायच्या आणि बाकीचे महाकाव्य दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायचे. अशाने महाकाव्य कोणालाही न येता सगळ्यांना येते.

गुणांची वाटणी मिसेस डाइकहाउस यांनी स्वतः ठरवली. रंगसंगती वीस, चित्रे वीस, एका स्लाइडवरून दुसरीवर जाण्यातली सफाई पंधरा, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहणे पंधरा, सांघिक वृत्ती पंचवीस आणि मजकूर (आढळल्यास) पाच.

निकाल डोळे दिपवणारे आहेत. गेल्या वर्षी एकशे बत्तीस स्लाइड झाल्या. त्यांपैकी एकशे चारांवर समुद्र होता, तोही एकच, कारण शोधल्यावर तोच फोटो पहिला येतो. नायक दुसऱ्या गटात बुडून मेला आणि पाचव्या गटात ठणठणीत घरी पोहोचला, पण दोन्ही गटांची रंगसंगती इतकी सुरेख होती की कोणी खुसपट काढले नाही.

या सुरळीत व्यवस्थेत यंदा मारिट व्हँडरहूफ नावाची मुलगी आली. अबोल, चष्मेवाली, अभ्यासू. तिला पुढच्या वर्षी दहावीच्या प्रगत साहित्य वर्गात जायचे होते. आमच्या वर्गातून तिथे एकालाच जागा मिळते आणि त्यासाठी या सादरीकरणात किमान पंच्याऐंशी गुण लागतात. तिथे म्हणे अजून पुस्तके वाचतात (ही वदंता आहे, मी तपासलेली नाही). त्या जागेसाठी पोरीने सप्टेंबरपासून जिवाचे रान केले होते. एवढेच नाही, तिने चोवीसच्या चोवीस सर्ग वाचून काढले होते. हे मला फार उशिरा कळले, नाहीतर वेळीच तिच्या आईवडिलांना बोलावून घेतले असते.

तिचा गट शेवटचा. गटात रंग निवडणारी जॉसलिन, सादरीकरणाच्या दिवशी हटकून दाढ दुखणारा किप आणि ब्रँट. ब्रँटचे योगदान असे, की फाइल त्याच्या नावावर होती.

आता पंधरा नोव्हेंबरला आमच्याकडे हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो आणि शाळेला सुट्टी असते. पुढचे दिवस सुट्टीचे नसतात, पण त्या दिवसांत पोरांच्या पोटात फार दुखते. ब्रँट आजोबांबरोबर उत्तरेच्या जंगलात गेला तो तिकडेच राहिला. जॉसलिनने वर्गात फाइल उघडली, तर पडद्यावर आले : परवानगी नाही, मालकाकडे विनंती करा.

विनंती केली. मालक झाडावरच्या मचाणावर बसला होता आणि तिथे फोन लागत नव्हता. नायक एका बेटावर अडकलेला, घर हाकेच्या अंतरावर, आणि पुढचे चार सर्ग ब्रँटच्या खिशात.

"ह्या ब्रँटचं म्हणजे ना!" जॉसलिन करवादली. "मी तीन तास खपून निळा रंग निवडलाय."

मारिट उठून उभी राहिली. "सर, मी नुसतं सांगू का?"

"नुसतं म्हणजे?"

"म्हणजे तोंडाने."

गुणतक्त्यात याला मनाई नव्हती. हे कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. मी हो म्हणालो, ती माझी चूक.

मारिट सांगायला लागली. पडदा कोरा. वादळ झाले, वल्ही मोडली, खलाशी एकमेकांच्या नावाने शंख करू लागले. ती हात वर करी तेव्हा लाट वर जाई आणि मागच्या बाकावरची पोरे मागे सरकत. चाळीस मिनिटे कोणी फोन काढला नाही. किपची दाढ राहिली आणि तो दारातूनच परत येऊन बसला. नायक घराच्या दाराशी पोहोचला, त्याने कडीला हात घातला, आणि घंटा झाली. एकही मूल उठले नाही. मीही हनुवटीला हात लावून बसलो होतो, हे नोंदवणे माझे कर्तव्य आहे.

"उरलेलं उद्या सांगते," मारिट म्हणाली. मग सगळे गेल्यावर टेबलाशी आली. "सर, तुम्हाला शेवट माहीतच असेल ना?"

मी म्हटले, "तो भाग तुमच्या गटाकडे आहे."

ही पद्धत आल्यापासून मी हेच म्हणत आलो आहे. तिने दप्तर उचलले. मला जराशी लाज वाटली, पण लाजेला तक्त्यात रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रँट आला, फाइल उघडली. पाच स्लाइड. शेवटचीवर लिहिले होते : 'मग तो घरी गेला. धन्यवाद. प्रश्न?' निळा रंग खरोखरच छान होता. कडी उघडल्यावर आत कोण होते, ते राहून गेले, कारण लगेच गुण द्यायचे होते.

मारिट : रंगसंगती शून्य, चित्रे शून्य, सफाई शून्य, डोळ्यांत पाहणे पंधरा, मजकूर पाच. सांघिक वृत्ती शून्य, कारण एकटीनेच सांगितले. एकूण वीस. ब्रँट : शहाण्णव. प्रगत वर्गातली जागा त्याला मिळाली. मारिटला मिसेस डाइकहाउस यांनी सांघिक कौशल्याच्या जादा तासाला बसवले आहे. तिथे ती स्लाइडवर बाण डावीकडून सरकवत आणायला शिकते आणि कोणाशी बोलत नाही. मला वाईट वाटते. कधीतरी तिला गाठून कडीचे विचारावे म्हणतो, पण तोंड होत नाही.

तुम्हीही इथवर वाचत आलात. वादळ, वल्ही, कडी, सगळ्याला माना डोलावल्यात. पण हे महाकाव्य कोणते, असे तुम्ही एकदाही विचारले नाहीत. उगाच संकोचू नका. तुमची सांघिक वृत्ती, पंचवीसपैकी पंचवीस.