सगुणा सायाळीची गरम सुई

एका जंगलात, मुलांनो, रताळ्यांचा एक मळा होता. हिवाळाभर सगळं जंगल त्यावर जेवायचं. मळा सांभाळायची सगुणा नावाची सायाळ.

पाणी कधी सोडायचं, यावर रोज भांडण. गवा जड, त्याचे खूर रुतायचे. तो ओरडायचा, "सगुणाताई, पाणी पुरे!" खार हलकी, वरच्यावर पळायची. ती म्हणायची, "ताई, नुसती धूळ उडतेय!" सगुणाचं डोकं उठायचं.

म्हणून तिने पलीकडच्या जंगलातून एक सुई मागवली. सुई मातीत रोवायची. ती जराशी गरम होते. ओल्या मातीत ऊब पटकन पसरते, म्हणून सुई कमी तापते. कोरड्या मातीत जास्त तापते. जास्त तापली की लाल दिवा लागतो.

"संपलं भांडण!" सगुणा म्हणाली. "लाल दिवा दिसला, की पाणी."

एवढी शहाणी सुई चिखलात कशी ठेवायची? तिने ती उंच बांधावर रोवली. लगेच लाल दिवा. सगुणाने पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. मग रोजच लाल आणि रोजच पाणी.

"ताई," गवा म्हणाला, "मी पोटापर्यंत बुडालोय."

"धीर धरा, दादा. जमीन कोरडी आहे."

एका सकाळी मात्र कुजक्या रताळ्यांचा वास आला. आता हिवाळ्यात सगळ्यांनी खायचं काय? सगुणाने धावत जाऊन सुईखाली उकरलं. सुईच्या टोकाभोवती माती नव्हतीच. घुशीचं बीळ होतं, त्यात नुसती हवा; ती तर कोरड्या मातीहूनही कमी ऊब पसरवते.

"हळू, ताई!" आतून घूस म्हणाली. "पिल्लं आत्ताच झोपलीत. तुमच्या शेगडीने फार बरं झालं हो."

सगुणा उठली आणि वाघमहाराजांपुढे चूक कबूल करायला निघाली. तेवढ्यात महाराजच आले. समोर पाणी चमचमत होतं. त्यावर बदकं उतरली होती.

"वा! तळं!" महाराज म्हणाले. "आमच्या आजोबांनाही जमलं नाही!"

"महाराज, ही खरं तर रताळी..."

"रताळी काय, कुणीही लावतं!"

तिच्या गळ्यात हार पडला. गवा पुढे येऊन अभिनंदन करणार होता, पण पाय निघेनात.

महाराज गेल्यावर सगुणाने आधी गव्याला दोर लावून बाहेर काढलं. मग वाचलेले वेल बांधापलीकडे लावले. सुई त्यांच्या मुळांशी रोवली आणि भोवतीची माती घट्ट दाबली. आता दिवा गरजेपुरताच लाल व्हायचा. रताळी झकास आली. सगळं जंगल पोटभर जेवलं. त्याबद्दल हार कुणी आणला नाही.

तात्पर्य : चूक झाली तर ती मनापासून सुधारावी, पण आधी सत्कार उरकून घ्यावा.