जलाशय आणि नववा माणूस

"रविवारी जलाशयावर जायचं. मी धाकट्याला शब्द दिलाय," बायकोने सांगितलं, तेव्हा पाणीखात्याचे हेडक्लार्क शर्टाची बटणं लावत होते. त्यांचा हात तिसऱ्या बटणावर थांबला.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. तो एका कारखान्यात मॅनेजर होता आणि जाईल तिथे लोक त्याच्यासाठी दार उघडून उभे असत. वाईट तो काही बोलत नसे, पण "भाऊजी अजून तिथेच का?" हे दर भेटीत विचारायचा. परवा फोनवर ती बोलून गेली होती, "तिथेच आहेत म्हणून तर यांच्या सहीशिवाय जलाशयाचं गेट उघडत नाही." ते खोटंही नव्हतं. जलाशयावर फिरायला जाण्याचे परवाने हेडक्लार्कच देत. बावीस वर्षांत त्यांनी स्वतः जलाशय पाहिला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

"गेटवर एक फोन टाका की. घरचंच काम आहे."

"घरचं काम आहे म्हणूनच रीतसर अर्ज करायला हवा."

दोघं, मुलगी, आई. पलीकडून धाकटा, त्याची बायको आणि दोन पोरं. एका परवान्यावर आठच माणसं चालत आणि ही बरोब्बर आठ भरली. हेडक्लार्कांनी समाधानाने अर्ज भरला. संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. त्याच्या सासूबाईही येणार होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हेडक्लार्क आपल्याच खात्याच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. आत बसणाऱ्या बाईंना त्यांनीच तयार केलं होतं. बाईंनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि पुन्हा वरपासून वाचायला घेतला.

"साहेब, माणसं नऊ आहेत."

"दोन अर्ज करतो मग."

"एका कुटुंबाला एका दिवशी दोन परवाने मिळत नाहीत. नियम सहा."

"हा कोणी घातला?"

"तुम्हीच. ते लग्नाचं वऱ्हाड सहा गट करून आत घुसलं होतं ना, त्यानंतर."

"नववा माणूस एकटा गेला तर?"

"एकट्याला पाण्याजवळ सोडत नाहीत. नियम नऊ. तोही तुमचाच."

हेडक्लार्कांनी आवाज खाली आणला. "अहो बाई, मी रोज तुमच्या शेजारी बसतो."

"म्हणून तर दोनदा वाचला. ओळखीचा माणूस असला की अर्ज दोनदा वाचायचा, असं तुम्हीच शिकवलंय." त्यांना बाईंचा रागही आला आणि अभिमानही वाटला. संध्याकाळी अर्ज घेऊन ते घरी आले.

घरी कोणाला गाळायचं यावर बैठक बसली. आईने चालायचे नवे बूट घेतले होते आणि ते घालूनच ती बैठकीला आली. मुलीने मामेभावंडांना कबूल केलं होतं. धाकट्याच्या सासूबाईंना 'तुम्ही येऊ नका' म्हणायची छाती कोणाची नव्हती. शेवटी हेडक्लार्क म्हणाले, "मीच राहतो बाहेर."

बायकोने हातातली सुरी खाली ठेवली. "गेट तुमच्या सहीने उघडतं आणि तुम्हीच बाहेर उभे? धाकट्याला काय सांगू मी? आयुष्यात एकदा त्याच्यासमोर मान वर करून बोलले होते." तिचे डोळे भरून आले. हेडक्लार्कांना फार वाईट वाटलं, पण नववा माणूस आठात बसत नव्हता. त्यांनी स्वतःचं नाव खोडलं आणि 'गटप्रमुख' या रकान्यात तिचं लिहिलं.

"गटप्रमुखाने काय करायचं असतं?" तिने नाक पुसत विचारलं.

"माणसं मोजायची, कागद तपासायचे, नियम पाळले जातात का ते बघायचं." ती नियमांचा कागद घेऊन खिडकीपाशी जाऊन बसली.

रविवारी गेटवर धाकट्याने विचारलंच, "भाऊजी नाही येत?"

"त्यांना इथे काम आहे," ती म्हणाली आणि स्वतःला धरून आठ जण मोजून सगळ्यांना आत घेऊन गेली. हेडक्लार्क पहारेकऱ्याशेजारच्या बाकावर बसले.

"साहेब, तुम्ही का थांबलात?" थोड्या वेळाने पहारेकऱ्याने विचारलं. "कर्मचाऱ्याला परवाना लागतच नाही. माणसांत मोजतही नाहीत. ओळखपत्र दाखवायचं आणि जायचं."

"असं कुठे लिहिलंय?"

पहारेकऱ्याने गेटवरच्या पाटीकडे बोट केलं. पाटी चांगली अकरा वर्षं जुनी होती. वरच्या साहेबांनी ती परस्पर लावली होती आणि हेडक्लार्क गेटवर कधी आलेच नव्हते. त्यांनी खिशातून ओळखपत्र काढून पहारेकऱ्यासमोर नाचवलं आणि पायऱ्या जवळजवळ पळतच चढले.

वर बायको कठड्यापाशी उभी होती. बाजूला धाकटा, मागे बाकीचे. तिने त्यांना पाहिलं. तिचा चेहरा फुलला, आणि मग तिने हात पुढे केला.

"परवाना?"

"कर्मचाऱ्याला लागत नाही," त्यांनी धापा टाकत ओळखपत्र दिलं.

तिने ते पुढून वाचलं, उलटून मागून वाचलं, आणि पुन्हा पुढून वाचलं. "मुदत मार्चमध्येच संपलीय. बाहेर थांबा. आम्ही येतोच अर्ध्या तासात."

"बाप रे, ताई," धाकटा हळूच म्हणाला, "खुद्द भाऊजींनाही सोडत नाहीत इथे?" एवढ्या आदराने तो बहिणीशी कधी बोलला नव्हता.

"त्यांचाच नियम आहे," ती म्हणाली.

हेडक्लार्क मुकाट्याने पायऱ्या उतरू लागले. हरकत बिनतोड होती. शिवाय ती ओळखपत्र वाचत होती तेवढ्या वेळात त्यांनी पाणी बघून घेतलं होतं.