सोनाआत्यांची ओल

सोनाआत्या कुणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांना भेटत नसत, कोपऱ्यांना भेटत. 'जयभीम' दारातच उरकायच्या, तोही भिंतीकडे बघत. मग चपला काढून थेट आतल्या कोपऱ्यात जायच्या, वाकायच्या आणि भिंतीला नाक लावून वास घ्यायच्या. घरमालक बिचारा पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभा. मग निकाल लागायचा, "हाय. ओल हाय."

ओल नसलेलं घर त्यांना कर्जतमध्ये कधी सापडलं नाही. सापडलं असतं तर त्याचा त्यांना जास्तच संशय आला असता.

आत्या म्हणजे बाबांची लांबची चुलत बहीण. माहेर पोशीरचं. मूलबाळ नव्हतं, आणि नवरा गेल्यापासून आमच्या शेजारच्या कौलारू घरात त्या एकट्याच राहत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पण चारचौघांत माझं तोंड उघडत नसे. त्यामुळे आत्यांना माझाही संशय. "ही पोरगी गप बसून काय बघते गं?" असं त्या आईला माझ्यासमोरच विचारायच्या. खरं तर मी त्यांनाच बघत असे.

त्यांचा हंगाम हिवाळ्याचा. पावसात सगळीच घरं गळतात, घराची खरी लक्षणं थंडीत कळतात, असं त्यांचं मत. दिवाळी सरली की त्या आळीभर फिरायच्या. भिंतीला टेकवून रचलेलं सरपण दिसलं की, "वाळवीला जिना बांधलाय का रं?" जोत्यावर माती चढलेली दिसली की बोलणं नाही, पायानेच उकरायला सुरुवात. बाबांनी आमचं पुढचं दार श्रावणात फुगलं म्हणून रंधा मारून बसतं केलं होतं. मार्गशीर्षात लाकूड आकसलं, फट पडली आणि घाटावरचा वारा थेट माझ्या अंथरुणात यायला लागला. आत्यांनी त्या फटीत बोट घालून सगळ्यांसमोर वरपासून खालपर्यंत फिरवलं.

"शांत्या, पावसात फुगलेलं दार आन् रागानं फुगलेलं माणूस, तवाच्या तवा हात लावायचा नाय रं. आपसूक उतरतं."

बाबा सरकारी नोकरीत, हाताखाली माणसं. त्यांना 'शांत्या' म्हणणाऱ्या जगात फक्त आत्या.

त्या वर्षी बाबांनी घर बँकेकडे गहाण ठेवून मागे एक खोली काढायचं ठरवलं. खोली माझ्यासाठी होती. परक्या माणसांत जाऊन नोकरी करायची या कल्पनेनेच मला घाम फुटायचा, लहान मुलांशी मात्र मी बोलू शकत होते. त्या खोलीत इंग्रजीची शिकवणी घ्यायची, एवढाच माझ्या आयुष्याचा बेत होता. पण बँकेचे साहेब आधी घर बघून जाणार, आणि आमची उत्तरेची भिंत पावसाने पार भिजलेली. बाबांनी गवंडी बोलावून जुनं प्लास्टर पाडलं, नवं करून घेतलं.

आत्यांचा सल्ला न मागताच आला. "गहाणखत म्हंजे घरजावई. आणायच्या आधी सगळं इचारायचं. व्याज कंदी वाढतं, आधी फेडलं तर दंड घेतात का, वाचून घे. आन् फिटल्यावर कागद हातात येऊन उताऱ्यावरचा बोजा उतरल्याबगर पेढे वाटू नको."

नव्या प्लास्टरला पाणी मारावं लागतं. "तुमी इसरणार," असं म्हणून आत्यांनी ते काम स्वतःकडे घेतलं. सकाळ-संध्याकाळ आपली कळशी घेऊन यायच्या, पाणी मारायच्या, मग चहा, मग आळीतल्या सगळ्या भिंतींची हालहवाल. पाणी मारायचे दिवस संपले, भिंत सुकली. एक डाग मात्र जाईना.

"आजून ओल हाय," आत्या रोज सांगायच्या. रोज यायच्या, रोज चहा घ्यायच्या.

बाबांचा संशय गवंड्यावर, गवंड्याचा वाळूवर, आत्यांचा सिमेंटवर. माझा आत्यांवर. कारण त्यांनीच शिकवलं होतं, जमिनीतली ओल खालून चढते आणि वर खाराची पांढरी किनार सोडते, कौलांतली वरून उतरते. हा डाग भिंतीच्या मधोमध, छातीच्या उंचीवर लटकलेला.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या पडद्याआडून बघत राहिले. आत्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कळशीत बोटं बुडवली आणि अंगणात सडा टाकावा तसं भिंतीवर पाणी शिंपडलं.

माझे कान तापले. म्हणजे कर्ज होऊ नये म्हणून हा उद्योग! चहाचा कप त्यांच्या हातात देताना मी, कधी न बोलणारी, बोलले. "आत्या, ही ओल खालून चढलेली नाही, वरून उतरलेली नाही. मग आली कुठून?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "लई शिकवलंय गं तुला शाळेत."

"शाळेत नाही. तुम्हीच शिकवलंत."

अर्धा चहा तसाच ठेवून त्या कळशी उचलून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्याही नाहीत.

साहेब येणार त्या सकाळी बाहेर खरडल्याचा आवाज आला. आत्या खुरप्याने आमच्या जोत्यावरची माती काढत होत्या. सरपण भिंतीपासून दूर रचून झालं होतं. दाराच्या फटीत जुन्या लुगड्याची पट्टी नीट घडी करून बसवलेली. मी दार उघडेपर्यंत त्या निघूनही गेल्या.

साहेबांनी उत्तरेच्या भिंतीवर तळवा टेकवला. "छान सुकलीय." पुढे कर्ज मंजूर झालं.

म्हणजे आत्यांना कर्ज मोडायचं नव्हतं. मग ओल कशासाठी?

ते मला खिडकीतून दिसलं. आमच्या चहाची वेळ झाली होती. आत्या आपल्या पायरीवर बसल्या होत्या, आमच्या घराकडे तोंड करून. शेजारी कळशी. थंडी सरत आली होती आणि आळीतल्या सगळ्या भिंती सुकल्या होत्या.

मी तांब्या घेतला, भिंतीजवळ गेले, बोटं बुडवली. मग आयुष्यात पहिल्यांदा आपणहून कुणाला तरी बोलवायला घराबाहेर पडले.

"आत्या, ओल परत आलीय."

त्या काही न विचारता उठल्या. आमच्याकडे येऊन वाकल्या, वास घेतला. डागाकडे बघितलं, मग माझ्या ओल्या बोटांकडे.

"हाय," त्या म्हणाल्या. "ओल हाय. एवढ्यात जायाची नाय ही."

"चहा ठेवू?"

"ठेव. आन् साखर माझ्यासमोर घाल गं. तुझा काय भरवसा नाय."